यिन, यांग आणि औषधातील जीवदया

अर्धे काळे, अर्धे पांढरे, काळ्यात पांढरा ठिपका आणि पांढऱ्यात काळा, असे एक वर्तुळ गेल्या काही वर्षांत आपल्या घरांत शिरले आहे. फेंगशुईच्या शोभिवंत वस्तूंबरोबर ते आले. कुठे दारावरच्या पदकावर दिसते, तर कुठे चहाच्या डब्यावर. व्यापारानिमित्त ग्वांगझोउ, यिवू किंवा हाँगकाँगला नित्य जाणे-येणे असलेल्या कुटुंबांत त्याच्या जोडीने चिनी वनौषधींच्या गोळ्या, अर्क आणि काढ्यांची पाकिटेही येतात. कोणाच्या गुडघ्यासाठी, कोणाच्या निद्रानाशासाठी. "वनस्पतीचेच आहे, घ्यायला हरकत नाही," असे देणारा सांगतो आणि घेणारा विश्वास ठेवतो.

या चिन्हाविषयी आपल्याकडे दोन समज रूढ झाले आहेत. यिन-यांग म्हणजे चिनी भाषेतला अनेकान्त, हा एक. चिनी औषध म्हणजे झाडपाला, हा दुसरा. दोन्ही तपासून पाहण्याजोगे आहेत. पहिल्यात चूक झाली तर फार तर विचाराचा गोंधळ होईल. दुसऱ्यात चूक झाली तर श्रावकाचा नियम मोडतो आणि त्याला त्याची खबरही नसते.

प्रारंभ शब्दांपासूनच करावा. यिन आणि यांग हे मूळचे तत्त्वज्ञानाचे शब्द नव्हेत, ते डोंगराचे शब्द आहेत. डोंगराची उन्हाकडची बाजू ती यांग, सावलीतली ती यिन. चीन उत्तर गोलार्धात असल्याने सूर्य दक्षिणेकडून तळपतो. म्हणून डोंगराचा दक्षिण उतार यांग आणि उत्तर उतार यिन. नदीच्या बाबतीत हे उलटे होते. तिचा उत्तर काठ दक्षिणेकडे तोंड करून ऊन खातो, म्हणून तो यांग. चीनच्या नकाशात हा अर्थ आजही जिवंत आहे. लुओ नदीच्या उत्तरेस वसलेले ते लुओयांग, शेन नदीच्या उत्तरेस ते शेनयांग आणि हुआ पर्वताच्या उत्तर पायथ्याशी, सावलीच्या बाजूला असलेले ते हुआयिन. एकच डोंगर असतो आणि त्याला दोन अंगे असतात. सकाळी सावलीत असलेली कपार दुपारी उन्हात येते. ऊन आणि सावली हे दोन वेगळे पदार्थ नव्हेत, एकाच ठिकाणच्या दोन अवस्था आहेत, हे या कल्पनेचे मर्म शब्दाच्या जन्मातच आहे.

पुढे या दोन शब्दांनी सारे विश्व व्यापले. दिवस, उष्णता, गती, वर जाणे, बाहेर पडणे हे यांग. रात्र, थंडावा, स्थिरता, खाली येणे, आत साठवणे हे यिन. ‘यिजिंग’ या प्राचीन ग्रंथातील अखंड रेषा यांग मानली गेली आणि तुटक रेषा यिन. सहा-सहा रेषांच्या मांडणीतून चौसष्ट आकृती सिद्ध झाल्या. इ.स.पू. तिसऱ्या शतकात ची राज्यातील झोउ यान या विचारवंताने यिन-यांगाला लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी या पाच अवस्थांच्या चक्राशी जोडले, असे मानतात. ज्या वर्तुळाकडे पाहून आपण या साऱ्याला अतिप्राचीन समजतो, ते मात्र बरेच अलीकडचे आहे. अकराव्या शतकातील झोउ दुनयी याची आकृती वेगळीच होती. एकमेकांना बिलगलेल्या दोन माशांसारखे आजचे रूप मिंग राजवटीच्या सुमारास रूढ झाले.

दोन बाजू समान आणि परस्परपूरक आहेत, असे आज सर्वत्र सांगितले जाते. इतिहास इतका निर्मळ नाही. इ.स.पू. दुसऱ्या शतकात हान राजवटीतील डोंग झोंगशू या पंडिताने यांगाला श्रेष्ठ आणि यिनला कनिष्ठ ठरवले. राजा यांग, सेवक यिन. पिता यांग, पुत्र यिन. पती यांग, पत्नी यिन. डोंगराच्या दोन उतारांतून निघालेली कल्पना अशा रीतीने उतरंडीत बदलली आणि पुढची अनेक शतके चिनी स्त्रीच्या पायातली ती एक बेडी ठरली. वर्तुळात दोन्ही रंग सारखे भरले म्हणून समाजात ते सारखे राहतातच असे नाही.

आता अनेकान्ताशी तुलना. वरवर पाहता साम्य मनोहर आहे. प्रत्येक गोष्टीला दुसरी बाजू असते, हे दोन्हीकडे आहे. परंतु अनेकान्त दोन बाजूंवर थांबत नाही. वस्तू अनंतधर्मात्मक आहे, असे तो सांगतो. नयवाद आणि सप्तभंगी हे त्या अनंत धर्मांविषयी सावधपणे बोलण्याचे शास्त्र आहे, म्हणजे मुख्यतः ज्ञानाचा आणि वाणीचा संयम. यिन-यांग हा जगाच्या हालचालीचा सिद्धान्त आहे. एक बाजू वाढते, टोकाला पोहोचते आणि तिथूनच दुसरी सुरू होते. मध्यरात्री, अंधार सर्वांत दाट असताना, यांगाचा जन्म होतो असे चिनी वैद्य मानतात.

जीव आणि अजीव यांच्याशी यिन-यांगाची जोडी लावणे तर सर्वस्वी चूक आहे. यिन यांगात पालटते, यांग यिनमध्ये. जीव कधी अजीव होत नाही, अजीव कधी जीव होत नाही. गतीला साहाय्य करणारे धर्मद्रव्य आणि स्थितीला साहाय्य करणारे अधर्मद्रव्य यांची आठवण यांगाच्या गतीने आणि यिनच्या स्थैर्याने होते खरी, पण ती दोन्ही द्रव्ये शाश्वत काळ आपापल्या ठिकाणी आहेत, एकमेकांत विरत नाहीत. खरे साम्य शोधायचे तर ते कालचक्रात आहे. उत्सर्पिणी चढते, अवसर्पिणी उतरते, दोहोंचे सहा-सहा मिळून बारा आरे. चिनी पंचांगातही बारा महिन्यांना बारा आकृती दिलेल्या आहेत. हिवाळ्यात दिवस सर्वांत लहान असतो त्या महिन्याच्या आकृतीत तळाशी एकच अखंड रेषा येते, मग दरमहा एकेक वाढते, सहा पूर्ण होतात आणि पुन्हा तळापासून तुटक रेषा चढू लागतात. आकृती सारखी आहे, हेतू वेगळा. चिनी विचारवंताला त्या चक्राच्या चालीशी चाल जुळवून निरोगी जगायचे असते. जैन साधकाची दृष्टी चक्राच्या बाहेर, सिद्धशिलेकडे लागलेली असते.

या कल्पनेने सर्वांत खोल मूळ धरले ते वैद्यकात. १९७३ मध्ये चांगशा शहराजवळ मावांगदुई येथील इ.स.पू. १६८ मधील एका थडग्यातून रेशमावर लिहिलेली वैद्यकीय पोथी मिळाली. तिच्यात शरीरातील अकरा वाहिन्या यिन आणि यांग अशा नावांनी वर्णिलेल्या आहेत. त्यानंतर साधारणपणे इ.स.पू. पहिल्या शतकाच्या सुमारास ‘ह्वांगदी नेइजिंग’ हा आधारग्रंथ संकलित झाला. पीत सम्राटाने प्रश्न विचारावेत आणि ची बो या वैद्याने उत्तरे द्यावीत, अशी त्याची रचना आहे. श्रेणिकाच्या प्रश्नांवर उभ्या असलेल्या आपल्या कथाग्रंथांच्या वाचकाला ती अनोळखी वाटणार नाही.

या वैद्यकात यकृत, हृदय, प्लीहा, फुप्फुस आणि मूत्रपिंड ही साठवणारी पाच अंगे यिन. जठर, आतडी, पित्ताशय, मूत्राशय यांसारखी पुढे ढकलणारी अंगे यांग. वैद्य मनगटावर तीन बोटांनी नाडी पाहतो, जीभ पाहतो, घाम, झोप आणि तहान यांविषयी विचारतो. मंदिरातील समईचा दृष्टान्त घेतला तर त्याचे निदान चटकन कळते. तेल हे यिन, ज्योत हे यांग. तेल पुरेसे असून ज्योत मंद असेल तर यांग उणे. अशा माणसाचे हातपाय गार असतात, चेहरा फिका दिसतो, पोट पातळ असते, त्याला उष्ण औषधे देतात. उलट ज्योत भडकलेली दिसते, पण कारण तेल आटले हे असते. रात्री घाम येतो, तळहात-तळपाय जळजळतात, घसा कोरडा पडतो, जीभ लाल आणि साय नसलेली दिसते. इथे ज्योतीवर फुंकर घालणे चूक. तेल घालावे, म्हणजे यिनचे पोषण करावे. ताप दिसला की थंड द्यावे, इतके हे शास्त्र सोपे नाही.

अन्नाचीही हीच वाटणी आहे. उन्हाळ्यात चिनी घरांत हिरव्या मुगाचे गार कढण करतात, कारण मूग शीत. लिची उष्ण, म्हणून बेताने. आपल्या आजीचे ‘आंबा उष्ण पडतो’ हे बोलणे चिनी आजीला भाषांतराशिवाय समजावे. आल्याच्या बाबतीत तर एक गमतीदार गाठ पडते. ओले आले आणि सुंठ ही चिनी वैद्याच्या लेखी दोन वेगळी औषधे आहेत. ओले आले बाहेरून लागलेली सर्दी घामावाटे घालवते, सुंठ पोटाला आतून ऊब देते. जैन स्वयंपाकघरातही ती दोन वेगळीच आहेत. ओले आले वर्ज्य, सुंठ बहुतेक घरी चालते. कारण मात्र तेथे उष्णता-शीतलता नसून अनंतकाय जीवांची विराधना हे आहे.

येथूनच श्रावकाची अडचण सुरू होते. यिन पोषणासाठी सर्वांत प्रसिद्ध असलेले ‘लिउवेई दिह्वांग’ हे सहा द्रव्यांचे औषध घ्यावे. सोंग राजवटीतील बालवैद्य च्यान यी याचे हे योग आजही जगभर विकले जाते. त्यात एकही प्राणिज द्रव्य नाही. पण सहांपैकी रेहमानियाचे मूळ, एका जातीचा सुरणासारखा कंद, आलिस्माचा कंद आणि पिओनीच्या मुळाची साल ही चार जमिनीखालची. पाचवी एक बुरशी, म्हणजे अळिंबीच्या जातीची. राहिले एकच, ते फळ. शिवाय जुन्या पद्धतीच्या गोळ्या मधात वळतात. वाळलेल्या मुळांविषयी ज्याचा त्याचा नियम आणि ज्याच्या त्याच्या गुरुमहाराजांची आज्ञा वेगळी असू शकेल, मधाविषयी तशी पळवाट नाही. ‘वनस्पतीचेच आहे’ हे वाक्य किती थोडे सांगते, हे यावरून कळते.

प्राणिज द्रव्यांची यादी याहून कठीण आहे. यांग वाढवण्यासाठी हरणाची कोवळी शिंगे, समुद्रघोडा, पाल जातीचा प्राणी. यिनसाठी कासवाच्या पोटाकडचे कवच आणि गाढवाच्या कातड्याचा सरस. उष्णता उतरवण्यासाठी अस्वलाचे पित्त. चिनी औषधकोशांत ही द्रव्ये वनस्पतींच्या शेजारीच, कसलाही संकोच न करता मांडलेली असतात.

पण खुद्द चीनमध्येच याविरुद्ध आवाज उठला होता, आणि तो आपल्या वाचकांनी जाणून घ्यावा असा आहे. लिआंग वंशाचा सम्राट वू हा बौद्ध धर्माचा निष्ठावंत अनुयायी होता. इ.स. ५१७ मध्ये त्याने राजवैद्यांना आज्ञा दिली की, सजीवांचा उपयोग औषधात करू नये. राजवस्त्रांवर पशुपक्ष्यांच्या आकृती विणण्यासही त्याने मनाई केली, कारण शिंप्याची कात्री त्या आकृती कापते आणि तेही करुणेला बाधक. कापडाचा व्यापार करणाऱ्या जैन कुटुंबाने या आज्ञेपुढे क्षणभर थांबावे. त्याच वर्षी पूर्वजांच्या वेदीवरचे पशुबळी बंद करून त्यांच्या जागी पिठाचे पशू अर्पण करण्याचे त्याने फर्मावले. यशोधराची कथा ऐकलेल्या श्राविकेला येथे अस्वस्थ वाटेल. आईच्या आग्रहाखातर पिठाचा कोंबडा बळी दिला एवढ्यावरून यशोधराला कितीतरी पशुयोनींतून फिरावे लागले, कारण हिंसा संकल्पात होती. सम्राटाने जिथे समाधान मानले, तिथे सोमदेवसूरींच्या ‘यशस्तिलकचंपू’तील विचार पुढचा प्रश्न विचारतो.

याच सम्राटाचा स्नेही ताओ होंगजिंग हा मोठा औषधपंडित होता. त्याने ७३० द्रव्यांचा कोश सिद्ध केला. त्याच्याविषयी पुढे एक आख्यायिका प्रचलित झाली. त्याचा शिष्य त्याच्याआधी स्वर्गलोकी गेला. गुरूला विलंब का, असे विचारता उत्तर मिळाले की, कोशात त्याने गोमाश्या, जळवा यांसारख्या जीवांची औषधे सांगितली, माणसे वाचली, पण जीव मारले गेले. मग म्हणे ताओने त्या द्रव्यांना पर्याय देणारा दुसरा ग्रंथ लिहिला. आख्यायिका खरी नसेल. परंतु ज्या समाजाने ती रचली, त्याला हा प्रश्न बोचत होता एवढे निश्चित.

सर्वांत स्पष्ट शब्दांत तो मांडला सुन सिमियाओ या वैद्याने. सातव्या शतकाच्या मध्यास, सुमारे ६५२ मध्ये, त्याने आपला प्रचंड चिकित्साग्रंथ पूर्ण केला. वैद्याच्या आचरणाविषयीच्या त्यातील प्रकरणात तो म्हणतो त्याचा आशय असा : मनुष्य आणि पशू यांना जीव सारखाच प्रिय आहे. एक जीव वाचवण्यासाठी दुसरा मारणे म्हणजे जीवनापासून अधिक दूर जाणे. म्हणून आपल्या योगांत जिवंत प्राणी मारून औषध करणे आपण टाळले आहे. दोन अपवाद तो प्रामाणिकपणे नोंदवतो. बाजारात आधीच मेलेल्या मिळणाऱ्या जळवा आणि गोमाश्या विकत घेता येतील, आणि अंडे अगदी निकडीच्या वेळी, नाइलाजाने. त्यांशिवाय ज्याला भागवता येईल, तो आपल्याहून मोठा, असेही तो लिहितो.

‘आधीच मेलेले’ हा अपवाद जैन आचार्य मान्य करणार नाहीत. विकत घेणारा असतो म्हणूनच मारणारा असतो. कृत, कारित आणि अनुमोदित या तिन्हींचा हिशेब ठेवणाऱ्या परंपरेत ही वाट बंद आहे, आणि व्यापाऱ्याला मागणी-पुरवठ्याचा संबंध वेगळा समजावून सांगायला नको. शिवाय सुन सिमियाओच्या ग्रंथात प्रत्यक्षात प्राणिज द्रव्यांचे बरेच योग सापडतात. प्रतिज्ञा आणि पाककृती यांत अंतर राहिले. तरीही वैद्यकाच्या ग्रंथारंभी हा प्रश्न उभा करणारा वैद्य म्हणून त्याचे मोठेपण उणे होत नाही.

हे अंतर मिटवण्याचा आग्रह धरणारा वैद्य आपल्याकडे नवव्या शतकात होऊन गेला. दिगंबर आचार्य उग्रादित्य यांनी ‘कल्याणकारक’ हा आयुर्वेदाचा ग्रंथ लिहिला. बारावे पूर्व जे प्राणावाय, त्याची परंपरा ते सांगतात आणि मद्य, मांस, मधु यांना वगळून चिकित्सा मांडतात. मांसाला औषध मानणाऱ्या वैद्यांचे खंडन त्यांनी राष्ट्रकूट सम्राट नृपतुंग याच्या सभेत केले, आणि ते ‘हिताहित’ अध्यायाच्या रूपाने ग्रंथाला जोडलेले आहे. हा ग्रंथ १९४० मध्ये सोलापुरातून, सखाराम नेमचंद ग्रंथमालेत, वर्धमान पार्श्वनाथ शास्त्री यांच्या हिंदी अनुवादासह प्रकाशित झाला. चीनमधील सुन सिमियाओ आणि दख्खनमधील उग्रादित्य यांना एकमेकांची नावेही ठाऊक असण्याचा संभव नाही. दोघांनी एकच प्रश्न विचारला. एकाने तो वैद्याच्या करुणेवर सोपवला, दुसऱ्याने औषधाच्या घटकांतच सोडवून दाखवला.

आजचा व्यवहार पाहिला की प्रश्न अजून मिटलेला नाही हे दिसते. गाढवाच्या कातड्याचा सरस, चिनी नाव ‘अजियाओ’, हे मूळचे शानदोंग प्रांतातील द्रव्य आज सौंदर्यवर्धक खाऊ म्हणून विकले जाते. यिन आणि रक्त यांचे पोषण, ही त्याची जाहिरात. चीनमधील गाढवे कमी पडू लागली तेव्हा खरेदीदार आफ्रिकेत पोहोचले. ज्या घरचे पाणी आणि सरपण गाढव वाहते, त्या घरची गाढवे रातोरात चोरीला जाऊ लागली. अखेर फेब्रुवारी २०२४ मध्ये आफ्रिकी संघाने कातड्यासाठी गाढवांच्या कत्तलीवर १५ वर्षांची बंदी मान्य केली. भारतातील पशुगणनेत २०१२ मध्ये सुमारे ३ लाख २० हजार असलेली गाढवे २०१९ मध्ये सुमारे १ लाख २० हजारांवर आली. ओझ्याची कामे यंत्रांनी घेतली हे त्याचे मोठे कारण, परंतु कातड्यांच्या चोरट्या व्यापाराविषयीही प्राणिमित्र संस्था सतत सावध करत आल्या आहेत. चीनने स्वतः १९९३ मध्ये गेंड्याचे शिंग आणि वाघाचे हाड यांवर बंदी घातली, तर २०२० च्या औषधकोशातून खवल्या मांजराचे खवले स्वतंत्र द्रव्य म्हणून काढून टाकले. अस्वलाच्या पित्तातील गुणकारी आम्ल तर जपानमध्ये १९५० च्या दशकातच प्रयोगशाळेत तयार झाले होते. म्हणजे बदल घडू शकतो.

गुण येतो की नाही, याविषयीही डोळे उघडे ठेवावेत. यिन आणि यांग कोणत्याही यंत्राने मोजता येत नाहीत, ती निरीक्षणांची एक भाषा आहे. त्या भाषेत नोंदलेल्या अनुभवांतून कधी रत्न हाती लागते. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याने हिवतापावर एका वनस्पतीचा रस थंड पाण्यात भिजवून पिळून घ्यावा असे नोंदवले होते. उकळल्याने गुण जात असावा, हे त्यावरून तू यूयू यांनी ताडले, कमी तापमानात अर्क काढला आणि १९७२ मध्ये आर्टेमिसिनिन वेगळे झाले. त्यासाठी त्यांना २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पण ते औषध मान्य झाले ते परजीवीवरच्या चाचण्यांनी, यिन-यांगाच्या दाखल्याने नव्हे. दुसरी बाजू बेल्जियममध्ये दिसली. १९९० च्या दशकारंभी वजन घटवण्याच्या गोळ्यांत एका चिनी मुळाऐवजी त्याच्यासारख्या नावाचे दुसरे मूळ गेले आणि शंभराहून अधिक स्त्रियांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून मधुमेह किंवा रक्तदाबाची चालू औषधे अशा गोळ्यांच्या भरवशावर बंद करणे धोक्याचे आहे, आणि काही घेत असल्यास ते आपल्या डॉक्टरांना सांगितलेच पाहिजे.

राहिला बाटलीचा प्रश्न. चिनी लिपी वाचता येत नसली तरी निर्यातीच्या अनेक वेष्टनांवर द्रव्यांची लॅटिन नावे छापलेली असतात, आणि त्यांतील एक-दोन शब्द ओळखता आले तरी पुष्कळ कळते. ‘फ्रुक्टस’ म्हणजे फळ, ‘फोलियम’ पान, ‘फ्लॉस’ फूल, ‘सेमेन’ बी. ‘रॅडिक्स’ म्हणजे मूळ, ‘ऱ्हायझोमा’ जमिनीखालचे खोड, ‘बल्बस’ कंद. ‘कॉर्नू’ म्हणजे शिंग, ‘कॉन्खा’ शिंपला, ‘कोला’ म्हणजे सरस. वेष्टन कॅप्सूलचे असेल तर तिचे आवरण जिलेटिनचे की वनस्पतिजन्य, हे वेगळे पाहावे. आणि यादीच्या शेवटी लहान अक्षरांत कधी कधी ‘मेल’ एवढाच शब्द असतो. त्याचा अर्थ मध.